मेम्फिसची एक प्रेमगीतांची तबकडी

धर्मगुरूने लिहावे तर भजनांविषयी, उपासनासंगीताविषयी. स्त्रीपुरुषांच्या प्रेमाची गाणी ज्यांची त्यांनी पाहावीत, असा एक समज आपल्या कुटुंबांत रूढ आहे. परंतु हीच गाणी आज घरोघर वाजतात. लग्नमंडपात वाजतात, बसगाडीत वाजतात, आणि रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आपली तरुण मुले कानांत यंत्र घालून जे ऐकतात तेही बहुधा हेच असते. त्यांतले सोने कोणते आणि पितळ कोणते, हे पारखून सांगणारे वडीलधारे माणूस मात्र बहुतेक घरांत सापडत नाही. एक तर सर्रास बंदी, नाहीतर सर्रास मोकळीक. म्हणून पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकून राहिलेल्या एका प्रेमगीतांच्या ध्वनिमुद्रिकेविषयी आज चार शब्द लिहावे असे आम्ही योजिले आहे.

ही ध्वनिमुद्रिका १९७२ सालच्या प्रारंभी निघाली. ती तयार झाली अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरी. गायकाचे नाव अ‍ॅल ग्रीन, वय तेव्हा पंचवीस. तबकडीचे नाव ‘लेट्स स्टे टुगेदर’, म्हणजे आपल्या बोलीत ‘आपण एकत्रच राहू या’. दोन्ही बाजू मिळून नऊ गाणी. सगळी ऐकण्यास अर्ध्या तासाहून थोडाच अधिक वेळ लागतो. पहिलेच गाणे शीर्षकाचे. ते १९७१ च्या अखेरीस सुटे विक्रीस आले होते. फेब्रुवारी १९७२ मध्ये ते अमेरिकेतील खपाच्या सर्वसाधारण यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. कृष्णवर्णीयांच्या संगीताची जी निराळी यादी असे, तीत तर ते नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले.

या गायनप्रकारास तिकडे ‘सोल’ म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. प्रेमगीतांना हे नाव का पडावे, याचे उत्तर त्या लोकांच्या प्रार्थनामंदिरांत सापडते. गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या कृष्णवर्णीय समाजाने आपली निराळी ख्रिस्ती मंदिरे उभारली आणि तेथे स्वतःची अशी उपासनेची रीत घडविली. प्रवचनकाराने हाक द्यावी, मंडळीने साद द्यावी. एका शब्दावर आवाज दहा वळणे घेत चढावा, टाळ्यांनी ताल धरावा, आणि शब्द अपुरे पडले की नुसता हुंकार उरावा. रे चार्ल्स या अंध गायकाने १९५० नंतरच्या दशकात हीच रीत प्रापंचिक गाण्यांत आणली. सॅम कुक हा धर्मोपदेशकाचा मुलगा. तो भजनमंडळीतून १९५७ च्या सुमारास प्रेमगीतांकडे वळला, तेव्हा अनेक भाविकांना तो धर्मत्याग वाटला. उलट दिशेचेही एक उदाहरण आहे. अरेथा फ्रँकलिन ही बॅप्टिस्ट उपदेशकाची कन्या प्रेमगीतांची सम्राज्ञी झाली, आणि जानेवारी १९७२ मध्ये, म्हणजे आपली ही तबकडी बाजारात येत होती त्याच दिवसांत, लॉस एंजेलिसच्या एका प्रार्थनामंदिरात दोन रात्री उभी राहून तिने भजने ध्वनिमुद्रित केली. तात्पर्य, देऊळ आणि रंगमंच यांच्यामधली वाट दोन्ही बाजूंनी वाहती होती. ती वाहती असल्यामुळेच त्या वाटेवर भांडणेही फार झाली.

अ‍ॅल ग्रीनच्या घरी असेच भांडण झाले. त्याचा जन्म १३ एप्रिल १९४६ रोजी आर्कान्सॉ राज्यातल्या फॉरेस्ट सिटी येथे झाला. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीने शेती करीत. घरात दहा मुले. मुलांची भजनमंडळी बापाने स्वतः बांधली होती, आणि हा मुलगा वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षापासून तीत गात असे. पुढे कुटुंब उत्तरेस मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरी गेले. तेथे मुलाच्या हाती जॅकी विल्सन या गायकाच्या तबकड्या लागल्या. विल्सन प्रेमाची गाणी गाई, आणि गाताना नाचेही. भजनाच्या घरात ही गाणी ऐकल्याबद्दल बापाने पोटच्या पोराला घराबाहेर काढले.

येथे त्या बापाला खलनायक ठरविण्याची घाई वाचकांनी करू नये. ज्याच्यापाशी स्वतःची जमीन नाही, ज्याच्या समाजाला रस्त्यावर मान नाही, त्याच्यापाशी अभिमानाने जपावी अशी एकच गोष्ट होती: देवाच्या नावाने गाणारी आपली मुले. तीही जगाने न्यावीत, या भीतीपोटी त्याने दार लावले असावे. भीती आम्हांस समजते. दार लावणे मात्र समजत नाही. आपल्या गोव्याकडे पाहा. पोर्तुगीज राजवटीपासून चर्चच्या पॅरिश शाळांत मेस्त्री मुलांना सूर आणि व्हायोलिन शिकवीत आले, ते चर्चमधल्या गायनवृंदासाठी. त्याच शिक्षणाच्या शिदोरीवर पुढे शेकडो गोवेकर वादक मुंबईच्या हॉटेलांत आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस किंवा शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा हे त्यांतलेच. त्यांनी चित्रपटांतली प्रेमगीते सजविली म्हणून त्यांच्या गावच्या चर्चची दारे त्यांना बंद झाली नाहीत. देवळात शिकलेला सूर बाहेर गेला म्हणजे तो बाटतोच असे नाही.

असो. घराबाहेर पडलेला अ‍ॅल छोट्या मंडळ्यांतून गात फिरला. त्याचे एक गाणे थोडे गाजले, मग नाव विसरले गेले. अशा वेळी टेक्सासमधील मिडलंड या गावी त्याची गाठ विली मिचेल याच्याशी पडली. मिचेल मूळचा मिसिसिपी राज्यातला, उत्तम तुतारीवादक, आणि मेम्फिसच्या ‘हाय’ या ध्वनिमुद्रण कंपनीत गाणी बसविणारा जाणता माणूस. त्याने या तरुणाला मेम्फिसला आणले.

त्या शहराची तेव्हाची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. एप्रिल १९६८ मध्ये, सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी आलेले रेव्हरंड मार्टिन ल्यूथर किंग यांची याच मेम्फिसमध्ये गोळी घालून हत्या झाली होती. ती जखम ओली असलेल्या शहराच्या दक्षिण भागात, एका जुन्या चित्रपटगृहाच्या इमारतीत, मिचेलचा ‘रॉयल’ स्टुडिओ होता. चित्रपटगृहाची जमीन पडद्याकडे उतरती असते. ती तशीच ठेवलेली होती, आणि त्या उतारावरच वादक बसत. तेथे बाहेरून बोलाविलेले नामांकित वादक नसत. ठरलेला, एकमेकांच्या श्वासाला सरावलेला संच असे. हॉजेस घराण्यातले तीन सख्खे भाऊ: टीनी गिटारवर, लीरॉय बेसवर, चार्ल्स ऑर्गनवर. ढोलांवर हॉवर्ड ग्राइम्स किंवा अ‍ॅल जॅक्सन. तुताऱ्या आणि तंतुवाद्यांची योजना मिचेलचा भाऊ जेम्स याच्याकडे. मागे साथीला र्‍होड्स भगिनी आणि चार्ल्स चाल्मर्स असे तिघे गोरे गायक. त्या काळच्या त्या शहरात गोरे व काळे एका छपराखाली बसून एकच गाणे घडवीत होते, याचे मोल आम्ही निराळे सांगावयास नको.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. ती म्हणजे आवाज. मेम्फिसला आला तेव्हा ग्रीन त्या काळच्या रीतीप्रमाणे जोरकस, घसा ताणून गात असे. १९६७ साली विमान अपघातात निवर्तलेला ऑटिस रेडिंग हा तेव्हाच्या तरुण गायकांचा आदर्श होता आणि त्याचे गाणे म्हणजे रसरशीत आरोळी. मिचेलने ग्रीनला सांगितले की ओरडू नकोस. हळू गा, आपल्या स्वतःच्या आवाजात गा. सांगणे सोपे, करणे कठीण. ‘लेट्स स्टे टुगेदर’ची चाल मिचेल आणि अ‍ॅल जॅक्सन यांच्याकडून आली, शब्द ग्रीनने लिहिले, परंतु तो बारीक, हळुवार, मधूनच वरच्या पट्टीत निसटणारा आवाज ग्रीनला स्वतःलाच पसंत नव्हता. पुरुषाने असे नाजूक गावे हे त्याला पटेना. त्यावरून दोघांत बराच वाद झाला, असे त्याने पुढे अनेकदा सांगितले आहे. अखेर मिचेलचे चालले, आणि जगाला हे गाणे मिळाले.

कान देऊन ऐकल्यास प्रथम ध्यानात येतो तो ताल. तो मोठा नाही. बंद दाराआड कोणी मुठीने हलकेच ठोका द्यावा तसा दबका आहे. तुताऱ्या प्रारंभी दोन शब्द बोलतात आणि बाजूला होतात. ऑर्गन तर पुष्कळदा ऐकू येण्यापेक्षा जाणवतच राहतो, देवळातल्या सांजवातीसारखा. त्या सगळ्यांच्या मधोमध जी मोकळी जागा ठेवली आहे तीत गायक येतो. कोणा समुदायाला उद्देशून तो गात नाही. समोरच्या एका माणसाला जेमतेम ऐकू जावे इतकेच बोलतो. मध्येच शब्द सोडून देतो, हसू आवरल्यासारखा थांबतो, परत येतो. गाण्याचा आशय फार साधा आहे: दिवस बरे असोत की वाईट, तुझ्यासोबतच राहावे अशी माझी इच्छा आहे. माणसे तुटतात आणि पुन्हा जुळतात ती का, हे मला उमगत नाही, असेही तो म्हणतो, आणि तू माझ्याशी तसे कधी करणार नाहीस असा विश्वास बोलून दाखवितो.

विवाहसंस्काराच्या वेळी वेदीसमोर उभे राहून वधूवर जे वचन देतात त्याच्या अगदी जवळचा हा आशय आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. जगातली बहुतेक प्रेमगीते भेटीची असतात किंवा विरहाची. पहिली नजर, पहिला पाऊस, नाहीतर सोडून गेल्याचे दुःख. भेट आणि विरह यांच्या मध्ये जी तीस-चाळीस वर्षे असतात, ज्यांत कर्ज असते, आजारपण असते, सासूचे बोलणे आणि मुलांच्या परीक्षा असतात, त्या वर्षांवर गाणे कोण लिहितो? राहणे हा काव्याचा विषय सहसा होत नाही. या गाण्याने तो केला, म्हणूनच आमच्या मते ते वरच्या दर्जाचे ठरते.

बाकीच्या आठ गाण्यांविषयी आमचे मत सरसकट एक नाही. दुसरे, ‘ला-ला फॉर यू’, गोड आहे आणि तेवढेच आहे. तिसरे, ‘सो यू आर लीव्हिंग’, निघून जाणाऱ्या व्यक्तीला उद्देशून आहे. राहण्याच्या गाण्यानंतर दोनच पावलांवर ते ठेवलेले आहे ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. पहिल्या बाजूचे शेवटचे ‘ओल्ड टाइम लव्हिन’ हे तर प्रार्थनामंदिरातून उठून आल्यासारखे आहे. शब्द जुन्या धाटणीच्या प्रेमाचे, पण चाल आणि हाक थेट भजनाची. बापाने घराबाहेर काढले तरी बापाने शिकविलेले गळ्यातून गेले नव्हते! दुसऱ्या बाजूचे पहिले गाणे मेम्फिसच्याच एडी फ्लॉइडने १९६८ साली गाजविलेले आहे. ग्रीनने ते नेटके म्हटले आहे, त्यात विशेष काही नाही.

मात्र सातवे गाणे स्वतंत्र बसून ऐकण्याजोगे आहे. ‘हाउ कॅन यू मेंड अ ब्रोकन हार्ट’, म्हणजे भंगलेले हृदय सांधावे तरी कसे. हे मूळ बी जीज या बंधूंचे. हे भाऊ १९६९ मध्ये आपसांत बिनसून वेगळे झाले होते. १९७० मध्ये पुन्हा एकत्र आले, तेव्हा बॅरी व रॉबिन या दोघांनी हे गाणे रचले, आणि १९७१ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. भावाभावांच्या समेटाच्या वेळी जन्मलेले हे गाणे ग्रीनने घेतले आणि त्याची गती इतकी मंदावली की ते सहा मिनिटांहून लांब झाले. शेवटच्या भागात तो फार थोडे शब्द वापरतो. तोच प्रश्न पुन्हा, थोडा निराळा. पुन्हा, आणखी हळू. जपमाळेत तीच प्रार्थना आपण पन्नास वेळा म्हणतो आणि प्रत्येक वेळी ती तीच नसते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना या आवर्तनाचा कंटाळा येणार नाही. ज्यांना येईल त्यांनी खुशाल पुढच्या गाण्यावर जावे.

येथवर स्तुती झाली. आता एक अवघड गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही.

ज्याने राहण्याचे गाणे गायिले त्याला स्वतःला राहणे साधले नाही. १९७३ साली, कीर्तीच्या शिखरावर असताना, एका रात्री आपल्याला देवाची हाक आली असे ग्रीन सांगतो. पुष्कळ लोक समजतात की त्याचे मन पालटले ते पुढल्या वर्षीच्या दुर्घटनेमुळे. ते तसे नाही, हाक आधीची आहे. दुर्घटना ऑक्टोबर १९७४ ची. त्याच्या घरी आलेल्या एका स्त्रीने, तो न्हाणीघरात असता, मक्याची उकळती लापशी त्याच्या पाठीवर ओतली आणि त्यानंतर स्वतःचा जीव घेतला. तो बराच भाजला. ती तर गेलीच. तिच्या आत्म्याला प्रभू शांती देवो. १९७६ च्या डिसेंबरात ग्रीनने मेम्फिसमध्ये एक प्रार्थनामंदिर विकत घेतले आणि तो तेथे उपदेशक झाला. ते मंदिर आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतले नव्हे. परंतु तेथे दर रविवारी प्रभूचे नाव गायिले जाई, आणि गाणारा हाच होता. १९७७ मध्ये त्याने विवाह केला. तो विवाह १९८३ मध्ये संपला. पत्नीने मारहाणीचा आरोप करून न्यायालयात दाद मागितली होती, आणि तिच्यावर हात उगारल्याचे त्याने प्रथम नाकारून पुढे जबानीत मान्य केले.

हे वाचून काही कुटुंबे म्हणतील की मग असली गाणी हवीत कशाला? माणूस खोटा, तर गाणेही खोटे. आम्हांस तसे वाटत नाही. आणि याचे कारण गाण्याच्या आवाजातच आहे. मिचेलने ज्याच्याकडून हट्टाने काढून घेतला तो आवाज विनवणी करणारा आहे, आज्ञा करणारा नाही. ‘तू राहिलेच पाहिजेस’ असे तो म्हणत नाही. ‘मला तुझ्याजवळ राहू दे’ असे म्हणतो. या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हात उगारणारा नवरा जेव्हा ‘एकत्र राहू’ म्हणतो तेव्हा ते या गाण्यातले राहणे नव्हेच. आपल्या खेड्यांतही अंगावर वळ घेऊन माहेरी आलेल्या मुलीला, वचन दिले आहेस, आता राहा, असे सांगून परत धाडणारी वडीलधारी माणसे आहेत. विवाहाचे वचन दोघांनी दिलेले असते हे त्या क्षणी कोणाला आठवत नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्यातही, जेथे जोडीदाराच्या देहाला वा आत्म्याला गंभीर धोका आहे तेथे वेगळे राहण्याची मुभा दिलेली आहे; हे पुष्कळ मातापित्यांना ठाऊक नसते, म्हणून येथे मुद्दाम नोंदवितो. तरुण ग्रीनला जे त्या स्टुडिओच्या उतरत्या जमिनीवर उभे राहून गाता आले ते प्रौढ ग्रीनला घरात जगता आले नाही. गाणे खरे होते; माणूस त्याला उणा पडला.

पुढली हकिकत थोडक्यात सांगतो. ढोलांवरचा अ‍ॅल जॅक्सन १९७५ मध्ये मारेकऱ्याच्या गोळीने गेला. १९७९ मध्ये सिनसिनाटी येथे ग्रीन रंगमंचावरून पडून जखमी झाला, ती त्याने ईश्वरी ताकीद मानली आणि कित्येक वर्षे केवळ भजनेच गायिली. त्यांना मानसन्मानही मिळाले. पुढे प्रेमगीतांशी त्याचा समेट झाला, आणि २००३ मध्ये म्हाताऱ्या मिचेलबरोबर त्याने पुन्हा एक ध्वनिमुद्रिका केली. मिचेल जानेवारी २०१० मध्ये वारला. ‘लेट्स स्टे टुगेदर’ हे गीत अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१० सालच्या आपल्या जतनयोग्य ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतले. जानेवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाट्यगृहात, ग्रीन समोर बसलेला असता, राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यातली एक ओळ गुणगुणली आणि सभागृह दणाणले. राष्ट्राध्यक्षांचा गळा बरा आहे, एवढेच आम्ही म्हणू.

ज्या कुटुंबांना ही तबकडी ऐकावयाची असेल त्यांना आता ती शोधीत शहरात जाण्याचे कारण नाही; घरातल्या मुलांच्या मोबाईलवर ती मिनिटभरात मिळते. इंग्रजी समजत नसेल तर मुलांकडून शीर्षकगीताचा अर्थ एकदा विचारून घ्यावा. मुलांशी बोलण्यास तेवढेच निमित्त होईल, आणि ती काय ऐकतात हेही कळेल. प्रथम पहिले गाणे ऐकावे, मग सातवे, उरलेली सवडीने. जेवणे आटोपल्यावर, भांडी विसळून झाल्यावर, नवराबायको दोघे ओसरीवर बसलेली असताना ऐकल्यास उत्तम. आवाज मात्र बेताचा ठेवावा. मोठ्याने लावले तर यातले निम्मे ऐकू येत नाही.